वेतोबाच्या चपला आणि कुमारांची विज्ञानकथा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दोन आठवड्यांपूर्वी एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले होते. आठवी ते बारावीची मुले हल्ली ज्या विज्ञानकथा वाचतात, त्यांतील नायक-नायिका भिंतीतून आरपार जातात, दुसऱ्याच्या मनातले ओळखतात, ट्रक उचलतात; हा सारा प्रकार म्हणजे विज्ञानाचे नाव घेऊन चालवलेली बुवाबाजी असून शाळांच्या ग्रंथालयांनी अशी पुस्तके कपाटांतून काढून टाकावीत, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रलेखकाची तळमळ मला समजते. ज्या राज्याला २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तेथे चमत्काराच्या गोष्टीकडे संशयाने पाहणारी माणसे असणे चांगलेच. मात्र त्यांनी सुचवलेला उपाय मला पटला नाही आणि दुखणेही त्यांनी नेमके ओळखले आहे असे वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी वेंगुर्ले तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत २७ वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर गावच्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान दर्जाच्या, वाचनालयात संध्याकाळी पाच ते सात बसतो. आमच्याकडे बालविभागाचे एक कपाट आहे. त्यातली पुस्तके सातवीपर्यंतच्या मुलांना पुरतात. त्यानंतरच्या मुलाने काय वाचावे याचे उत्तर आमच्याकडे नाही. तो थेट मोठ्यांच्या कपाटापाशी येतो, दोन ऐतिहासिक कादंबऱ्या चाळतो, आणि मग दिसेनासा होतो. जी मुले टिकतात, ती एकच मागणी करतात : ज्यांच्यात सुपरपॉवर आहे अशा माणसांची गोष्ट. शहरातल्या मावसभावाकडून आणलेली इंग्रजी पुस्तके ती अडखळत का होईना वाचतात, मोबाइलवर पाहतात, आणि मराठीत असे काही आहे का असे मला विचारतात. जे थोडे मिळते ते मी देतो. त्यातले बरेचसे तिसऱ्या दिवशी परत येते, आणि परत करणाऱ्याचा चेहरा पाहूनच मला निकाल कळतो.

गेल्या वर्षी नववीतील एका मुलीने असेच एक पुस्तक परत केले. त्यातला नायक भरतीच्या वेळी किनाऱ्यावर आपटू पाहणारा ट्रॉलर दोन्ही हातांनी उचलून सुखरूप वर आणून ठेवतो. तिचे वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जातात. ती म्हणाली, “सर, मगे तेचे पाय रेतीत कशे रुताक नाय?” मी तिला फळ्यापाशी नेले. लहान ट्रॉलर १० टनांचा धरला आणि दोन्ही तळपायांचे मिळून क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटीमीटर मानले, तर दर चौरस सेंटीमीटरवर २५ किलोचा भार येतो. तुमच्या-आमच्या पायाखाली तो जेमतेम दीडशे ग्रॅम असतो. म्हणजे दीडशे पटींहून अधिक भार, तोही ओल्या वाळूवर. त्या नायकाच्या भुजांत कितीही बळ असले, तरी होडी वर जाण्याऐवजी तोच कमरेपर्यंत खाली गेला असता. होडी वर ओढताना तिच्याखाली लाकडी ओंडके घालतात ते कशासाठी, हे त्या मुलीला जन्मापासून माहीत आहे. लेखकाला माहीत नव्हते, किंवा माहीत असून त्याने त्याची पर्वा केली नाही. तिचा आक्षेप शक्तीला नव्हता, हे मला महत्त्वाचे वाटते. माणूस ट्रॉलर उचलतो हे तिने विनातक्रार मान्य केले होते. उचलल्यावर पुढे जे जे व्हायला हवे ते झाले नाही, एवढीच तिची तक्रार होती.

माझ्या मते चमत्कारकथा आणि विज्ञानकथा यांच्यातली सीमारेषा नेमकी इथे आहे. शक्ती अशक्य कोटीतली आहे की नाही, यावरून ती ठरत नाही. कथेच्या आरंभी एक अशक्य गोष्ट उसनी घेण्याचा अधिकार लेखकाला द्यावाच लागतो. मात्र उसने घेतल्यानंतर प्रत्येक पानावर त्याचा हिशेब चुकता केला पाहिजे : ऊर्जा कुठून आली, उष्णता कुठे गेली, शरीराचा कोणता भाग झिजला, घरच्यांनी काय सोसले. बुवा हा हिशेब कधीच देत नाही, आणि म्हणून तो बुवा असतो.

ही कल्पना परकी आहे असेही नाही. आमच्या आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, हे सिंधुदुर्गातल्या बहुतेकांना ठाऊक असेल. वेतोबा रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि फिरून फिरून त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. माझा त्यावर विश्वास आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. रक्षणकर्त्या देवाची कल्पना करताना त्याच्या चपलांचे तळ झिजतील हे ज्या कोणाला प्रथम सुचले, त्याच्याकडे विज्ञानकथाकाराची दृष्टी होती, असे मी वर्गात सांगत असे. देवही रोज चालला तर त्याला नवे जोड लागतात, हे गावकऱ्यांनी मान्य केले आणि त्याची तरतूदही केली. आमच्या कुमारकथांतले नायक मात्र अनवाणी, उपाशी आणि न घामेजता जग वाचवत असतात.

असा हिशेब मांडायला बसले की मुलांना किती चेव येतो, याचा अनुभव पत्रलेखकांनी एकदा घ्यावा. अदृश्य होणाऱ्या माणसाचेच पाहा. प्रकाश त्याच्या शरीरातून अडथळ्याविना पार गेला तर तो त्याच्या दृष्टिपटलातूनही पार जाईल. आणि दृष्टिपटलाने प्रकाश शोषला नाही तर दिसणार काय? पूर्णतः अदृश्य माणूस पूर्णतः आंधळा असायला हवा. हे पुस्तकी वाटले तर ओला जवळा तळहातावर घेऊन बघावा. कोळंबीच्या जातीतला हा इवलासा जीव जवळपास पारदर्शक असतो, पण डोळ्यांचे दोन काळे ठिपके त्याला लपवता येत नाहीत. ज्या घरात पावसाळ्यासाठी सुका जवळा भरून ठेवतात, त्या घरातल्या मुलाला प्रकाशशास्त्राचा हा धडा द्यायला प्रयोगशाळा लागत नाही.

उडण्याचा हिशेब तर उलटाच निघाला. ४५ किलो वजनाच्या मुलीने किनाऱ्यावरून आंबोलीच्या उंचीपर्यंत, म्हणजे सुमारे ६९० मीटर वर, जायचे तर तीन लाख जूलच्या आसपास ऊर्जा लागते. ती होते अवघी ७३ किलोकॅलरी. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतात हे धरले, तरी दोन तांदळाच्या भाकऱ्यांत भागते. मुले निराश झाली. इतके स्वस्त असेल तर गंमत काय? मग दहावीतल्या एका मुलाच्या लक्षात आले की हा हिशेब पायाखाली घाट असल्याचा आहे. हवेत पायाखाली काहीच नसते. नुसते एका जागी तरंगत राहायचे तरी दर क्षणी हवा खाली लोटत राहावी लागते, आणि खरा खर्च तिथे आहे. शिवाय स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी उरलेले तीन हिस्से उष्णता बनून अंगातच राहतात. वैशाखातल्या आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही. अशा दिवशी उडणारी नायिका शत्रूपेक्षा उष्माघातानेच आधी कोसळेल. हे सुचणे म्हणजेच कथा सुचणे आहे, असे मला वाटते.

अतिमानवी म्हणाव्यात अशा काही शक्ती प्रत्यक्षातही आढळतात, आणि त्यांची किंमत काय असते हेही आज नोंदवलेले आहे. वेदना न होणे हे कथांतले आवडते वरदान. २००६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एका संशोधनाचा वृत्तांत आला. उत्तर पाकिस्तानातला एक १० वर्षांचा मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवी. दंडातून सुऱ्या आरपार घाली, जळत्या निखाऱ्यांवरून चाले, आणि त्याला काहीही दुखत नसे. त्याच्या नात्यागोत्यातल्या कुटुंबांत अशी आणखी मुले सापडली. वेदनेचा संदेश वाहून नेणाऱ्या मज्जापेशींत सोडियमचे आयन आत सोडणारी एक सूक्ष्म वाट असते, आणि ती घडवणारे एससीएन९ए हे जनुक या मुलांत निकामी झालेले होते. स्पर्श कळत होता, ऊन-गार कळत होते. कळ तेवढी येत नव्हती. या मुलांनी लहानपणी स्वतःचे ओठ आणि जिभा चावून जखमी केल्या होत्या, हाडे मोडल्याचे कोणाच्या वेळीच ध्यानात आले नव्हते. आणि तो खेळ करणारा मुलगा संशोधकांना तपासायला मिळालाच नाही, कारण चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास घराच्या छपरावरून उडी मारून तो मरण पावला होता.

मी हा वृत्तांत वाचनालयात सांगितला त्या दिवशी बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर एक मुलगा म्हणाला की असा पोरगा आमच्या होडीवर असता तर जाळ्यातला काटेरी शिंगाळा मासा त्याने बेधडक हाताने काढला असता, सगळ्यांनी त्याला शूर म्हटले असते, आणि संध्याकाळी हात सुजून काळा पडेपर्यंत काटा मोडल्याचे त्याला कळलेही नसते. त्या मुलाने विज्ञानकथेचा आराखडाच सांगितला होता. धैर्य आणि वेदनेचा अभाव यांत फरक काय, हा प्रश्न त्यात आपोआप आला होता. तो कोणाला शिकवावा लागला नाही.

फिनलंडचा स्कीपटू ईरो मँटिरांता याने १९६० आणि १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत मिळून तीन सुवर्णपदके मिळवली. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी असामान्य प्रमाणात होत्या, आणि हा माणूस काहीतरी औषध घेतो असा संशय त्याच्यावर वर्षानुवर्षे घेतला गेला. हा जन्मजात जनुकीय बदल असून त्याच्या घराण्यातल्या इतरांतही तो आहे, हे १९९० च्या दशकात सिद्ध झाले. शक्ती असलेल्या कुमारवयीन नायकाला शत्रूपेक्षा शेजाऱ्यांचा संशय अधिक छळेल, हे सांगायला याहून चांगला दाखला नाही.

आता एक गोष्ट जरा कडवटपणे लिहितो. बाहेरून आलेल्या या प्रकारच्या कथांचा एक ठरलेला साचा आहे : शक्ती काही मोजक्या घराण्यांत जन्मानेच उतरते, बाकीचे लोक ‘सामान्य’, आणि नायकाला आपण त्या थोर रक्ताचे आहोत असा शोध पंधराव्या वर्षी लागतो. मराठीत हा साचा जसाच्या तसा उचलणाऱ्यांना आपण काय उचलतो आहोत याची कल्पना असते का, कोण जाणे. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याच्या कामात आपल्या समाजाला नवे धडे घेण्याची गरज नाही. मूळ पत्रलेखकांना आक्षेपच घ्यायचा होता तर तो इथे घेण्याजोगा होता.

आणि शास्त्राची साक्षही त्या साच्याच्या बाजूने सरळ नाही. थायलंडच्या किनाऱ्यावरील मोकेन या दर्यावर्दी लोकांची मुले पाण्याखाली चष्म्याविना युरोपीय मुलांच्या दुपटीने स्पष्ट पाहू शकतात, असे २००३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. डोळ्यातली बाहुली पाण्यात एरवी पसरते. ही मुले ती आकुंचित करतात आणि भिंगाचा आकारही बदलतात. अर्थात सर्वांना वाटले की हे रक्तातच असणार. पुढे त्याच संशोधकांनी युरोपीय मुलांना पाण्यात सराव दिला, तर त्यांनाही ते साधू लागले. याउलट इंडोनेशियातील बजाऊ लोकांची गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून मासे पकडणाऱ्या या लोकांची प्लीहा (पोटातला रक्तपेशी साठवणारा अवयव) शेजारच्या शेतकरी जमातीपेक्षा सुमारे निम्म्याने मोठी असते, आणि बुडी मारताना ती आकुंचित होऊन प्राणवायूने भरलेल्या तांबड्या पेशी रक्तात ढकलते. २०१८ च्या या अभ्यासात कधीच बुडी न मारणाऱ्या बजाऊंचीही प्लीहा मोठी आढळली, म्हणजे इथे वारसा खरा. दोन्ही दर्यावर्दी, दोन्ही पाण्याखाली पराक्रमी. एकाची शक्ती सरावाची, दुसऱ्याची वारशाची. मालवणच्या समुद्रात बुडी मारणाऱ्या दोन मैत्रिणी घ्याव्यात, एक गाबित मच्छीमाराची आणि एक गेल्या वर्षी घाटावरून बदलून आलेल्या तलाठ्याची, आणि दोघींपैकी कोणाची शक्ती कोणत्या प्रकारची हे वाचकाला शेवटपर्यंत ओळखू देऊ नये. गावाने काय गृहीत धरले असेल ते सांगायलाच नको. अशी कथा मराठीत कोणी लिहिली तर तिच्या १० प्रती आमचे वाचनालय वर्गणी काढून घेईल.

कोकणात या प्रकारच्या कथांना काय तोटा आहे? २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. समुद्री कासवांना पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची जाण असते आणि तिच्या आधारे ती दिशा ठरवतात, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. ही जाण एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला आली तर? डोळे मिटूनही तिला उत्तर दिशा कळेल, धुक्यातही होडी घरी आणेल. पण खोलीत पंखा फिरू लागला की तिला काय होईल, लाउडस्पीकरशेजारी बसवले तर, रेडीच्या लोहखनिजाच्या खाणीपाशी गेली तर? आणि मुख्य म्हणजे तिचा उपयोग कोण करून घेईल?

हा शेवटचा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर फार जवळचा आहे. पाण्याखालचा माशांचा थवा दुरून ऐकू येणारा मुलगा कल्पावा. रापणीत ओढायला येणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो, म्हातारी माणसेही दोराला हात लावून आपला वाटा घेऊन जातात. हा मुलगा रापणीवर राहिला तर साऱ्या वाडीचे भले होईल. थवाच्या थवा घेरणारे पर्ससीन जाळे वापरणाऱ्या मालकाने त्याला महिन्याचा पगार देऊन आपल्या बोटीवर नेले तर दोन हंगामांत किनारा रिकामा होईल. बंदी असलेल्या एलईडी दिव्यांनी मासळी ओढण्यावरून आपल्याकडे जे तंटे होतात, त्यांत आणि या कथेत अंतर किती? या मुलाने काय करावे याचे उत्तर मला ठाऊक नाही, आणि लेखकालाही ते आधीपासून ठाऊक नसले तर बरे.

मराठी लेखकांविषयी मला आदर आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांसारख्या वैज्ञानिकाने टोपण नावाने कथा पाठवावी, एवढी प्रतिष्ठा या वाङ्मयप्रकाराला आपल्याकडे होती. परंतु कुमारांसाठी लिहायला बसले की आपल्यातल्या चांगल्या लेखकाचाही अचानक शिक्षक होतो. कथेत एक शास्त्रज्ञ काका येतात, दोन पाने माहिती सांगतात, आणि शेवटी मुलगा आपली शक्ती परत करून अभ्यासाला लागतो. मी स्वतः शिक्षक असल्याने खात्रीने सांगतो की मुले ती दोन पाने उलटतात. (माझे तासही त्यांनी असेच उलटले असणार.) शक्ती परत करण्याचा शेवट तर त्यांना फसवणूकच वाटतो. आवाज फुटतो, अंग वाढते, राग आवरत नाही, या वयात शरीराने जे नवे दिले ते परत करण्याची सोय त्यांना प्रत्यक्षात कुठे असते?

तेव्हा माझी आपणास विनंती अशी की पुस्तके काढून टाकण्याच्या सूचनेला आपल्या पत्राने पाठबळ देऊ नये. त्याऐवजी पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धे पान कुमारांच्या विज्ञानकथेला द्यावे, आणि कथेखाली तिचा हिशेब तपासणारी मुलांची पत्रे छापावीत. प्रौढांची नकोत; माझेही नको. आमच्या वाचनालयात या कामासाठी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर शक्ती, उजव्या पानावर ती काय काय खाते. मूळ पत्रलेखक जवळपास राहत असतील तर त्यांनी एखाद्या शनिवारी जरूर यावे. वीज गेली नाही तर सातपर्यंत दार उघडे असते.

त्या वहीतली गेल्या आठवड्यातली नोंद ट्रॉलरचा प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीची आहे. ज्याला वेळ थांबवता येते अशा मुलाविषयी तिने उजव्या पानावर लिहिले आहे : “प्रकाशही थांबला तर त्याला दिसणार कसे? आणि हवा थांबली तर ती नाकात शिरणार कशी, की तो जिथे उभा आहे तिथेच भिंतीत चिणल्यासारखा अडकेल?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोघांनी मिळून काढले. दुसऱ्यावर आमचे एकमत होत नाही. आपल्या वाचकांपैकी भौतिकशास्त्राच्या कोणा प्राध्यापकांनी या पुरवणीतून तिला उत्तर दिले, तर मी ते वहीत चिकटवीन.

आपला नम्र,
एक ग्रंथालय कार्यकर्ता व निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग